गाठ पुन्हा वाढते तेव्हा

मागच्या वर्षी जुलैतली गोष्ट. सकाळची स्टँड-अप मीटिंग चालू होती आणि व्हॉट्सअॅपवर मावसबहिणीचा फोटो आला. फोटोत चेहरा नव्हता, फक्त मान. डाव्या बाजूला, कानाच्या खाली लिंबाएवढी गाठ, तिच्यावरची कातडी लाल आणि ताणलेली. खाली एकच ओळ : ‘दादा, परत आलीय. पहिल्यापेक्षा मोठी.’

एप्रिलमध्ये तिला मानेच्या गाठींचा टीबी निघाला होता. आमची आजी ज्याला गंडमाळा म्हणायची, तोच. तिचं नाव इथे लिहीत नाही. ती एकोणीस वर्षांची आहे, तासगाव तालुक्यात राहते, आणि तिकडे अजूनही टीबी हा शब्द मुलीच्या स्थळाच्या आड येतो. गाठीत सुई घालून तपासणी झाली होती आणि सरकारी दवाखान्यातून रोजच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. सहा आठवड्यांत ताप गेला, भूक लागायला लागली, गाठ वाटाण्याएवढी झाली. मावशीनं सुटकेचा श्वास टाकला. आणि आता बाराव्या आठवड्यात, एकही गोळी चुकवलेली नसताना, हे.

त्या रात्री फोनवर घरची सभा भरली. मावशी म्हणाली, ‘गोळ्या उष्ण पडल्या. पोरीच्या अंगाला सोसंनात, तर बंद करू.’ काकांना झाडपाल्याचं औषध देणारा कुणीतरी माहीत होता. बहिणीनं मला वेगळा फोन करून एकच विचारलं, ‘गोळ्या लागू पडत नसतील तर मी त्या खाऊ कशाला?’

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. आमच्या धंद्यात हा प्रश्न अगदी रास्त आहे. बदल केला, आधी बरं चाललं, मग बिघडलं, तर बदल मागे घ्या. रोलबॅक. मी तिला म्हटलं, उद्यापर्यंत थांब, गोळ्या तेवढ्या चालू ठेव. आणि वाचत बसलो. ते वाचन एका रात्रीत संपलं नाही.

वानलेसवाडी

मी सांगलीला वालचंद कॉलेजात चार वर्षं शिकलो. विश्रामबागेतून मिरजेकडे निघालं की वानलेसवाडी लागते. तिथे चहा प्यायलाय, मित्राच्या रूमवर रात्री काढल्यात. हे ‘वानलेस’ काय प्रकरण आहे, हे चार वर्षांत एकदाही विचारलं नाही. ते एका डॉक्टरचं आडनाव आहे आणि ती वस्ती क्षयरोग्यांच्या सॅनिटोरियमभोवती वाढली, हे मला पुण्यात बसून, त्या जुलैत कळलं.

विल्यम जेम्स वानलेस हा कॅनडात जन्मलेला मिशनरी डॉक्टर १८८९ मध्ये भारतात आला. १८९४ मध्ये त्यानं मिरजेत इस्पितळ उभं केलं. मिरज आज दवाखान्यांचं गाव म्हणून ओळखलं जातं, कर्नाटकातून रेल्वेनं पेशंट येतात, त्याची सुरुवात तिथली. पुढे सांगली आणि मिरज यांच्या मधल्या मोकळ्या माळावर क्षयरोग्यांसाठी सॅनिटोरियम झालं. सातारा जिल्ह्यात पाचगणीला चार हजार फुटांहून जास्त उंचीवर डॉ. रुस्तमजी बिलिमोरियांनी १९१२ मध्ये ‘बेल-एअर’ सुरू केलं. एकीकडे पर्जन्यछायेतली कोरडी हवा, दुसरीकडे डोंगरातली थंड हवा. क्षयाला तेव्हा हवा हेच औषध होतं.

याच्या थोडंच आधी काय परिस्थिती होती, ते आनंदीबाई जोशींच्या शेवटावरून दिसतं. १८८६ मध्ये त्या अमेरिकेत डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांची वाट पाहत होती. त्या क्षय घेऊन परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखनं १८८२ मध्येच दाखवला होता. शत्रूचं नाव कळलेलं होतं, हातात मात्र काही नव्हतं.

सॅनिटोरियममध्ये तरी काय होतं? झोपून राहणं, दूध-अंडी, उघडा व्हरांडा, सकाळ-संध्याकाळ ताप मोजणं, आठवड्याचं वजन. त्या काळी अशा ठिकाणी छातीत सुईनं हवा भरून फुप्फुस मुद्दाम मिटवत, म्हणजे त्याला विश्रांती मिळेल. काही ठिकाणी बरगड्या काढत. तरीही बरेच जण खालावत. तिथं खालावण्याचा अर्थ लावायला फारसं डोकं लागत नव्हतं. ताप वाढला, वजन उतरलं, की रोग जिंकतोय. जंतूवर चालणारं औषधच नव्हतं, त्यामुळे औषधानं बिघडलं की रोगानं, हा प्रश्न पडत नव्हता.

तो प्रश्न एकदा मात्र, सॅनिटोरियमांच्या भरभराटीआधीच, साऱ्या जगाला पडला होता.

बर्लिन, १८९०

ऑगस्ट १८९० मध्ये बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषदेत कॉखनं सांगितलं की क्षयाला रोखणारं द्रव्य आपल्याला सापडलंय. नोव्हेंबरात त्यानं माणसांवरच्या प्रयोगांची हकिगत छापली. द्रव्य कशाचं बनलंय ते सांगितलं नाही. तो जंतू शोधणारा माणूस होता, त्यामुळे लोकांनी विश्वास ठेवला. युरोपभरातून पेशंट आणि डॉक्टर बर्लिनला लोटले. हॉटेलं भरली.

इंजेक्शन दिल्यावर काही तासांत पेशंटला सणकून ताप यायचा, थंडी वाजायची. चेहऱ्यावर त्वचेचा क्षय असलेल्यांची गंमत अशी, की चट्टे डोळ्यांदेखत लाल होऊन सुजायचे, मग खपली धरून गळायचे. बघणाऱ्याला वाटायचं, औषध नेमकं रोगाच्या जागी जाऊन भिडलंय. म्हणून ताप येणं ही चांगली खूण मानली गेली. पेशंट जितका हादरेल तितकं औषध काम करतंय.

आर्थर कॉनन डॉयल तेव्हा इंग्लंडात डॉक्टरकी करत होता. शेरलॉक होम्सच्या दोन कादंबऱ्या लिहून झाल्या होत्या. तोही बर्लिनला धावला. व्याख्यानाचं तिकीट मिळालं नाही, तेव्हा त्यानं दुसऱ्या एका डॉक्टरकडून टिपणं घेतली, दुसऱ्या दिवशी वॉर्डांत जाऊन पेशंट पाहिले आणि परत येऊन लिहिलं की एवढ्या गवगव्याला आधार नाही. निदानासाठी याचा उपयोग होईल, पण बरं करण्याचा दावा घाईचा आहे.

जानेवारी १८९१ मध्ये रुडॉल्फ फिर्खोनं मेलेल्या पेशंटांची शवविच्छेदनं मांडली. इंजेक्शनांनंतर क्षयाच्या जागांभोवती भयंकर दाह उसळला होता, आणि काहींच्या शरीरात रोगाचे ताजे ठिपके दिसत होते. त्याच महिन्यात कॉखनं द्रव्य उघड केलं : क्षयाच्या जंतूंचा ग्लिसरिनमधला अर्क. ट्युबरक्युलिन. त्यात जंतू मारण्याची ताकद नव्हती. शरीर जंतूचा अंश ओळखून भडकत होतं, एवढंच. बिघाडालाच लोक सुधारणा समजले होते.

माझ्या बहिणीच्या घरात नेमका उलटा धोका होता. पण तो कळायला अजून एक टप्पा मध्ये आहे.

पंधरा ते तीस

१९४३ मध्ये अमेरिकेत रटगर्स विद्यापीठात वॅक्समनच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शॅट्झनं स्ट्रेप्टोमायसिन शोधलं. क्षयाचा जंतू खरोखर मारणारं पहिलं अँटिबायोटिक. युद्धानंतरच्या ब्रिटनकडे ते पुरेसं विकत घ्यायला डॉलर नव्हते. थोडंच औषध, खूप पेशंट. तेव्हा मेडिकल रिसर्च कौन्सिलनं ठरवलं की ते कुणाला मिळेल हे नशिबावर सोडायचं, आणि नीट मोजायचं. बंद लिफाफ्यांची ती पद्धत ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या आकडेशास्त्रज्ञानं आखली. पहिल्या महायुद्धात त्याला स्वतःला क्षय झाला होता, म्हणून डॉक्टर व्हायचं राहून तो आकड्यांकडे वळला होता. आज प्रत्येक औषधाची चाचणी याच धर्तीवर होते.

या चाचणीत घेतलेले पेशंट होते पंधरा ते तीस वयाचे. म्हणजे आपल्याच वयाचे : कॉलेजातले, पहिल्या नोकरीतले, नुकती लग्नं झालेले. दोन्ही फुप्फुसांत झपाट्यानं पसरणारा क्षय. ५५ जणांना स्ट्रेप्टोमायसिन आणि विश्रांती, ५२ जणांना फक्त विश्रांती. सहा महिन्यांनी पहिल्या गटात ४ दगावले होते, दुसऱ्यात १४. एवढा फरक क्षयाच्या औषधानं आधी कधी दाखवला नव्हता.

पण पहिल्या काही महिन्यांनंतर औषध घेतलेल्यांतले बरेच जण पुन्हा घसरू लागले. ताप परतला, एक्स-रेवरच्या सावल्या वाढल्या. थुंकीतले जंतू तपासले तर त्यांच्यावर आता स्ट्रेप्टोमायसिन चालत नव्हतं. पाच वर्षांनी हिशेब केला तेव्हा पहिल्या गटातले ३२ गेले होते, दुसऱ्यातले ३५. सहा महिन्यांतला तो मोठा फरक जवळजवळ पुसला गेला होता.

क्षयाच्या उपचाराचा सगळा कायदा या घसरणीतून तयार झाला. एकच औषध कधीही द्यायचं नाही, कारण कोट्यवधी जंतूंत काही त्याला पुरून उरणारे असतातच. पास, मग १९५२ पासून आयसोनियाझिड जोडीला आलं. १९५६ मध्ये मद्रासला सुरू झालेल्या अभ्यासानं दाखवलं की ही जोडगोळी घरी, दाटीवाटीच्या वस्तीत राहून घेतली तरी पेशंट जवळपास सॅनिटोरियममधल्याइतकेच बरे होतात. डोंगरावरची हवा, दूध-अंडी, महिनोन्महिने झोपून राहणं यांची गरज उरली नाही. जगभर सॅनिटोरियमं ओस पडू लागली. वानलेसवाडी हे नुसतं स्टॉपचं नाव होऊन बसलं, त्याचं एक कारण हेही आहे.

आणि डॉक्टरांच्या मनात एक नियम घट्ट बसला : औषध चालू असताना पेशंट बिघडला, तर जंतू औषधाला जुमानत नाही किंवा पेशंट औषध घेत नाही. नियम योग्यच होता. फक्त तो सगळ्यांना लागू नव्हता.

तिसरा अर्थ

१९५५ मध्ये ग्रीसमधल्या डॉक्टरांनी मुलांबद्दल एक विचित्र निरीक्षण छापलं. उपचार सुरू झाल्यावर काही मुलांचा ताप आणि एक्स-रेवरच्या सावल्या काही काळ वाढतात, आणि तीच औषधं चालू ठेवली तर आपोआप ओसरतात. पुढे मानेच्या गाठी, छातीतलं पाणी, मेंदूतल्या गाठी, सगळीकडे असे पेशंट दिसू लागले. सीटी स्कॅन आल्यावर तर मेंदूतली गाठ औषध चालू असताना वाढतानाच दिसायची. याला इंग्रजीत जे नाव पडलं त्याचा अर्थ ‘उलटी प्रतिक्रिया’.

कारण असं. क्षयाचा जंतू शरीराच्या संरक्षणाला आपल्याभोवती एक प्रकारे गुंगीत ठेवतो. औषधं जंतू मारू लागली की दोन गोष्टी एकदम होतात. मेलेल्या जंतूंचे तुकडे मोठ्या प्रमाणात मोकळे होतात, आणि गुंगीतून जागं झालेलं संरक्षण त्या तुकड्यांवर तुटून पडतं. गाठ सुजते, लाल होते, कधी फुटून पू येतो, शेजारी नवी गाठ उठते. आत जिवंत जंतू मात्र बहुतेक उरलेले नसतात. ही लढाई मढ्यांशी चाललेली असते.

प्रत्येक अभ्यासात आकडा वेगळा आहे, पण मानेच्या गाठींच्या टीबीत दहातल्या एक-दोघांना हे होतं, काही ठिकाणी त्याहून जास्त जणांना. तरुणांत ते अधिक दिसतं. त्यामागचं कारण ऐकून मी खुर्चीत सरळ बसलो : तरुण शरीराची प्रतिकारशक्ती जोरकस असते, म्हणून भडकाही जोरकस.

टीबी तपासायला हातावर टोचतात ती माँटू टेस्ट म्हणजे कॉखचंच ट्युबरक्युलिन. शार्ल माँटूनं १९०८ च्या सुमारास ते कातडीत अगदी थोडं टोचून फुगवटा मोजायची रीत बसवली. कॉनन डॉयलचा अंदाज खरा ठरला. मनगटाच्या वर उठणारा तो फुगवटा आणि बहिणीच्या मानेवरची सूज एकाच जातीची आहे. बर्लिनमधल्या चट्ट्यांची सूजही तीच. बर्लिनमध्ये शरीराला भडकवलं होतं, पण जंतू मारणारं काही दिलंच नव्हतं. इथे जंतू मरत होते म्हणून शरीर भडकत होतं.

पुन्हा पाचगणी

हा तिसरा अर्थ सातारा-सांगलीनं एकदा फार जवळून पाहिलाय. १९९० च्या दशकात एचआयव्ही पसरला तेव्हा महाराष्ट्रात हे दोन जिल्हे जास्त झळ लागलेल्यांपैकी होते. ट्रकचा हायवे, मुंबईला कामाला गेलेले तरुण. सांगलीत ‘संग्राम’ ही संस्था आणि वेश्याव्यवसायातल्या बायकांची ‘व्हॅम्प’ ही संघटना याच दशकात उभ्या राहिल्या. आणि पाचगणीचं बेल-एअर, जिथे कधी क्षयरोगी उबदार शालीत व्हरांड्यात पडून असायचे, ते एचआयव्हीच्या पेशंटांचं इस्पितळ झालं. तिथेही जीव घेणारा रोग बहुतेकदा टीबीच असे.

एप्रिल २००४ पासून सरकारनं एचआयव्हीची औषधं फुकट द्यायला सुरुवात केली. त्या औषधांनी प्रतिकारशक्ती परत येते. जिथे जिथे ही औषधं पोचली, तिथे डॉक्टरांना एक कोडं दिसलं. औषध सुरू केल्यावर काही आठवड्यांत काही पेशंटांचा टीबी उसळायचा. आधी शांत असलेल्या गाठी सुजायच्या, ताप चढायचा, काही वेळा जीवही जायचा. परत आलेली प्रतिकारशक्ती आत लपलेल्या टीबीवर तुटून पडत होती. जुनी ‘उलटी प्रतिक्रिया’ इतक्या ठळकपणे आणि इतक्या पेशंटांत दिसली की तिच्यावर जगभर संशोधन झालं, व्याख्या ठरल्या, कधी स्टेरॉइड द्यायचं याचे नियम बसले. आज एचआयव्ही नसलेल्या एखाद्या मुलीची गाठ वाढली तर डॉक्टरला काय करायचं हे जे माहीत असतं, त्यातलं बरंचसं या पेशंटांकडून आलंय.

बेचाळीस दिवस

दुसऱ्या दिवशी मी बहिणीला फोन केला. एवढं वाचून मला तिला सांगायचं होतं, ‘घाबरू नकोस, हे बरं होण्याचंच लक्षण आहे.’ तोंडापर्यंत आलं होतं. नाही सांगितलं. बर्लिनच्या डॉक्टरांनी नेमकं हेच सांगितलं होतं.

कारण बाहेरून तिन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. औषधाला न जुमानणारा जंतू, मुळातच चुकलेलं निदान आणि उलटी प्रतिक्रिया : तिन्हींत गाठ वाढते, तिन्हींत ताप येतो. पहिल्यात औषधं बदलायला लागतात, दुसऱ्यात रोगच दुसरा असतो, तिसऱ्यात तीच औषधं नेटानं चालू ठेवायची असतात. शेवटचा निष्कर्ष बाकीचे दोन खोडल्याशिवाय काढताच येत नाही. मी तिला एवढंच म्हटलं, ‘गोळ्या सोडू नकोस, आजच दाखवायला जा.’

दवाखान्यात गाठीतला पू काढून दोन तपासण्यांना पाठवला. पहिलीचा रिपोर्ट लगेच आला. त्यावर लिहिलं होतं, ‘एमटीबी डिटेक्टेड’. घरात रडारड झाली. तीन महिने गोळ्या खाऊन जंतू आहेतच! डॉक्टरांनी मावशीला शांतपणे समजावलं, ‘ही मशीन जंतूचा डीएनए पाहते. मेलेल्या जंतूचाही डीएनए सापडतो. खालची ओळ वाचा, रिफाम्पिसिनला दाद न देणारा जंतू दिसलेला नाही. जंतू जिवंत आहे का, ते दुसरी तपासणी सांगेल. त्यात जंतू वाढवून बघतात, बेचाळीस दिवस लागतात.’

बेचाळीस दिवस लिहिताना आकडा छोटा दिसतो. गाठ त्या काळात फुटली. ती ओढणीखाली पट्टी बांधून कॉलेजला जायची आणि विचारलं तर ‘गळू झालंय’ सांगायची. रोज सकाळी उपाशीपोटी त्याच गोळ्या, ज्यांच्यामुळे आपण बिघडतोय असं सगळं घर म्हणतंय. मावशी रोज म्हणायची, अजून एक आठवडा बघू. त्या एका आठवड्याच्या मुदतीवर सहा आठवडे निघाले.

रिपोर्ट आला : वाढ नाही. गाठीत जे होतं ते मेलेलं होतं. डॉक्टरांनी आणखी दोनदा पू काढला, औषधांत काही बदल केला नाही. सप्टेंबरात सूज उतरायला लागली. ऑक्टोबरात गोळ्यांचा कोर्स पूर्ण झाला. मानेवर रुपयाएवढा व्रण आहे.

मला राग एकाच गोष्टीचा येतो. एप्रिलमध्ये पहिली पट्टी हातात देताना तिला बरंच सांगितलं होतं : लघवी लालसर होईल, मळमळेल, गोळी चुकवायची नाही, खात्यात पोषणाचे पैसे येतील. मध्येच गाठ वाढू शकते, हे कुणी सांगितलं नाही. सत्तर वर्षं माहीत असलेली गोष्ट, एक वाक्य. तेवढं आधी कळलं असतं तर झाडपाला देणाऱ्याचा पत्ता काढायची वेळ आली नसती.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा शेजारच्या घरातला अकरावीतला मुलगा आला होता. त्याला छातीत पाणी होऊन टीबी निघाला होता, गोळ्या सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. बहीण त्याला ओट्यावर बसवून सांगत होती, ‘आत्ता बरं वाटंल. मध्येच परत वाढलं तर भिऊ नकोस, गोळ्या बंद करू नकोस, लगेच दाखवायला जा.’

तो म्हणाला, ‘पण ताई, बरं व्हायलोय म्हणून वाढलंय का औषध लागत नाही म्हणून, ते मला कसं कळणार?’

‘तुला नाही कळत. मलाबी नव्हतं कळलं. म्हणून तर दाखवायला जायचं.’